एका लाइनवर तीन बिऱ्हाडं

मंगळवार, सव्वादहा.

दातांच्या डॉक्टरांच्या प्रिंटरमधून एक कागद बाहेर आला. वर एका बाईचं पूर्ण नाव. डॉक्टरांच्या मदतनीस बाईंना वाटलं, पुढच्या पेशंटचा असेल. त्यांनी दार उघडून ते नाव खणखणीत आवाजात पुकारलं.

कुणी उठलं नाही.

म्हणून आणखी मोठ्यानं पुकारलं.

कागद शेजारच्या खोलीतल्या वकीलबाईंचा होता. घटस्फोटाचा अर्ज, पान पहिलं. त्यांच्या संगणकाला भिंतीपलीकडचा प्रिंटर दिसला आणि त्यानं तोच आपला मानला.

मंगळवार, अकरा.

पहिल्या मजल्यावर चार खोल्या. तीन भाड्यानं दिलेल्या: वकीलबाई, डॉक्टर, नकाशेवाले काका. चौथीत वहिनी, जिनं ही जागा उभी केली. दीर वहिनी म्हणतो म्हणून भाडेकरूही वहिनीच म्हणतात. इंटरनेटची लाइन एक, राउटर एक, सगळ्यांची वाहतूक त्यातूनच.

वकीलबाई ओरडल्या नाहीत, हेच वाईट होतं. सोमवारपर्यंत माझं वेगळं करा, म्हणाल्या, नाहीतर मी दुसरी जागा बघते. भिंतींचा रंग ओला होता तेव्हा त्या इथे आल्या होत्या, पहिल्या भाडेकरू. वहिनीला मग दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

बुधवार. टेबलावर तीन खोकी.

दीर वायरिंगची आणि कॅमेऱ्यांची कामं घेतो. दुकानातून त्यानं तीन राउटर आणले, न पटल्यास परत या बोलीवर.

पहिला: आठ अँटेना. दिरानं लगेच नाव ठेवलं, खेकडा. वेग असा की बोलायचं काम नाही. पण सगळे पुन्हा एकाच घरात, घर तेवढं मोठं. नको.

दुसरा: यात पाहुण्यांसाठी निराळं नेटवर्क मिळतं. एकच. म्हणजे तिघं पाहुणे एका खोलीत, आणि घरचे दुसऱ्या. शिवाय चार वर्षं ठाण मांडून बसलेल्या माणसांना पाहुणे कुणी म्हणायचं?

तिसरा: काळा डबा. अँटेना नाही, रूप नाही. मागे वायरी जोडायला पाच पोर्ट. माहितीपत्रक वाचता वाचता वहिनीचा चहा गार झाला. प्रत्येक पोर्टवर स्वतंत्र नेटवर्क करता येतं, एवढं तिला कळलं. ते कसं करायचं, हे नाही.

दीर म्हणाला, एवढी डोकेफोड कशाला, तिघांना तीन लाइनी, तीन राउटर, विषय संपला. वहिनी जवळजवळ हो म्हणाली होती. पण काकांचे नकाशे एकदा निघाले की अख्खी लाइन खातात आणि मग दोन दिवस काही नाही. लाइन एक आहे म्हणून ते सगळ्यांना परवडतं. त्याच पैशांत तीन बारीक लाइनी केल्या तर काका रांगेत आणि बाकी दोन लाइनी झोपलेल्या.

गुरुवार.

सासूबाई जिन्याजवळच्या टेबलाशी बसतात, येणाऱ्याला कुठली खोली ते सांगतात. दोन दिवस त्यांच्या कानावर एकच शब्द पडत होता. वेगळं करा. वेगळं पाहिजे. वकीलबाई फायली घेऊन वर आल्या तेव्हा सासूबाईंनी थांबवलंच.

"तुम्हाला वेगळं व्हायचंय, की वेगळं राहायचंय?"

वकीलबाई पायरीवरच उभ्या राहिल्या. "काकू, हे तर मी लोकांना विचारते."

"मग आज तुम्ही सांगा."

फायली एका हातातून दुसऱ्या हातात गेल्या.

"राहायचंय. लाइन कुणाच्या का सोबत असेना. माझा कागद माझ्या खोलीतून शेजारी जाता कामा नये."

वहिनी आतून ऐकत होती. तिनं खेकडा आणि पाहुण्यांवाला परत खोक्यांत घातले, काळा डबा तेवढा बाहेर ठेवला.

शनिवार.

मांडणी अशी ठरली. दिरानं ती काळ्या डब्याच्याच पुठ्ठ्यावर लिहिली:

*पोर्ट एक. लाइन येते ती.*
*पोर्ट दोन, वकीलबाई. बाहेर जाता येईल, शेजारी नाही.*
*पोर्ट तीन, डॉक्टर. तसंच.*
*पोर्ट चार, काका. तसंच. (काका म्हणाले, मी कुणाकडे जातो कधी?)*
*पोर्ट पाच, आपण. सगळीकडे जाता येईल.*

वहिनीनं पेन मागितलं आणि शेवटच्या ओळीवर काट मारली.

"भावजी, आपणही शेजारीच."

"अहो वहिनी, मग कुणाचं काही बिघडलं तर मी बघणार कसा?"

"दार वाजवून."

दीर पुटपुटला, की घरचा माणूस असून आपल्याला बाहेर काढलं. पण नियम लिहिला त्यानंच, नीट, दोनदा तपासून. मध्ये एकदा सगळंच बंद पडलं, तेव्हा डॉक्टर पेशंटच्या तोंडात आरसा तसाच ठेवून म्हणाले, जरा थांबा, आमच्याकडे वाटण्या चालल्यात.

सोमवार, साडेनऊ.

वकीलबाई संगणकासमोर. मागे वहिनी, दीर, सासूबाई, दारात डॉक्टर. वकीलबाईंनी प्रिंटर शोधायला लावला. चक्र फिरत राहिलं. त्यांचा स्वतःचा प्रिंटर दिसला. मग चक्र पुन्हा फिरलं आणि खाली ओळ आली: आणखी काही सापडलं नाही.

"सापडला नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"छान झालं."

डॉक्टरांनी आपल्या खोलीत जाऊन तेच केलं आणि तिथूनच ओरडून सांगितलं, की मलाही कुणी दिसत नाही, अगदी एकटा पडलो.

वकीलबाई मात्र उठल्या नव्हत्या. त्या वहिनीकडे वळल्या. "आणि तुमच्याकडून?"

वहिनी त्यांना आपल्या खोलीत घेऊन गेली, खुर्ची दिली आणि स्वतः बाजूला उभी राहिली. वकीलबाईंनी सावकाश, सगळं उघडून पाहिलं. वहिनीचा संगणक, वहिनीचा प्रिंटर. बस्स.

त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. लोखंडी कपाट रिकामं झालं असेल तर पाठवून द्या, म्हणाल्या. जुन्या फायलींचं, जे गेली चार वर्षं घरीच जागा अडवून बसलं होतं.

दुपारी ते आलं. चौघा हमालांनी उचललं. दारातून जाईना, म्हणून दिरानं दार बिजागऱ्यांतून काढलं. वकीलबाई आत उभ्या राहून सांगत होत्या: डावीकडे, अजून, भिंतीला टेकवा.

"नक्की इथेच ना?" हमालानं विचारलं. "पुन्हा हलवायला लावाल."

"इथेच," वकीलबाई म्हणाल्या. "आता नाही हलायचं."