विहीणबाईंशी थेट

तीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करून बाईंचा आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट झाला होता. गाडी सुटो की रद्द होवो, सूर एकच. अशा बाईंनी बावन्नाव्या वर्षी चिनी शिकायला घेतलं. त्या भाषेत तर शब्दाशब्दाला सूर चढतो, उतरतो; सूर चुकला की अर्थच बदलतो. घरच्यांच्या मते ही नसती उठाठेव होती.

बाईंची सून चिनी. ती मोडकंतोडकं मराठी बोलायची, पण तिच्या आईला त्यातलं अक्षर येत नव्हतं. विहीणबाई फोनवर पाच-पाच मिनिटं बोलत आणि मुलगा सांगे, "मजेत आहेत त्या." बाईंना हे खपेना.

"माझ्या विहिणीशी मी बोलेन. मध्ये दलाल नको," त्या म्हणाल्या.

शिकवणारी मुलगी पंचविशीची. पहिल्याच महिन्यात तिनं कपाळावर हात मारला. "काकू, तुम्ही वाक्य नाही, फलाट क्रमांक सांगताय." बाईंना राग आला, पण दोन वर्षांत शिकवणी एकदाही बुडवली नाही. सुराबरोबर मान वर-खाली करायची युक्ती त्यांनीच काढली. नवरा म्हणाला, "कोंबडी दाणे टिपतेय." बाईंनी त्याच्यासमोर आणखी अर्धा तास टिपले.

बाळंतपणासाठी विहीणबाई आल्या. मुलगा कामासाठी परगावी गेला आणि त्याच दिवशी सुनेला कळा सुरू झाल्या. ऑपरेशन करावं लागलं. बाहेरच्या बाकावर दोघी हात घट्ट धरून बसल्या होत्या. अखेर नर्स आली, घाईघाईत म्हणाली, "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत," आणि गेली.

विहीणबाई बाईंच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

बाईंनी चिनीत सांगितलं. पण जीव इतका घाबरा होता की आवाज निघाला तो थेट फलाटावरचा. विहीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी श्वास घेतला, मान हलवली आणि शब्दन्‌शब्द सुरात सांगितला.

विहीणबाईंचे डोळे भरून आले. मग त्यांनी मान हलवली, बोट वर नेत एक सूर दुरुस्त केला. बाईंनी वाक्य पुन्हा म्हटलं. त्यांनी दुसरा सूर दुरुस्त केला. बाईंनी पुन्हा म्हटलं. या खेपेला एकही चूक नव्हती, तरी विहीणबाई बोट वर धरून वाट बघत होत्या. तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं, यांना सगळं केव्हाच कळलंय. यांना ते फक्त ऐकत राहायचंय.

मग पुढच्या खेपेला बाई मुद्दाम चुकल्या.