साके प्यायलेलं इंजिन

टेकडीवर पांढरा झेंडा चढला आणि बत्तीस नावा एका दमात धुक्यात घुसल्या. मागे उरल्या हात्सुएबाई, वय त्र्याहत्तर, आणि त्यांच्या नावेच्या पाठीला टांगलेलं आठ अश्वशक्तीचं इंजिन, वय सव्वीस. दोघांपैकी सुरू होत नव्हतं ते इंजिन. गावच्या समितीला मात्र नेमकं उलटं वाटत होतं.

नियम साधा होता. कोंबूच्या, म्हणजे खाण्याच्या समुद्री शेवाळाच्या, हंगामातल्या पहिल्या झेंड्याला जी नाव अर्ध्या तासात किनारा सोडणार नाही, त्या घराचा समुद्रातून कोंबूचे पट्टे काढायचा हक्क संपला. कायमचा. नियम समितीचे अध्यक्ष कुमाबुची यांनी केला होता, घड्याळही त्यांचंच होतं. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांनी स्वतः नाव सोडून सात वर्षं झाली होती, तेव्हापासून इतरांच्या पाठींची त्यांना फार काळजी वाटे. आजही ते कोट आणि गमबूट घालून आले होते. काखेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं सन्मानपत्र होतं. वरच्या अर्ध्यात बाईंच्या पन्नास वर्षांच्या सेवेचा गौरव, खालच्या अर्ध्यात हक्क स्वखुशीने परत करत असल्याचं संमतीपत्र, आणि तळाला बाईंच्या शिक्क्यासाठी गोल जागा. एकाच कागदात दोन्ही कामं, छपाईचा खर्चही वाचला.

बाईंनी अकराव्यांदा दोरी ओढली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

"वहिनी, दहा मिनिटं झाली," अध्यक्ष हळूच म्हणाले. "थकलंय हो ते. त्यालाही कळतंय, आता पुरे."

"त्याला काय कळतंय ते मी त्यालाच विचारते. तुम्ही घड्याळ बघा."

नवरा सादाकिची तीन वर्षांपूर्वी गेला, तेव्हा गावाने बाईंना लोणच्याची दहा पिंपं दिली, पण इंजिनाचं कुणी काही शिकवलं नाही, कारण शिकवायचं काही उरलंच नव्हतं. सादाकिची वल्ही मारी आणि गाणी म्हणे. इंजिन पहिल्यापासून बाईंचं.

त्यांनी क्रम सोडला नाही. इंजिन बंद करायचा लाल चाप जागेवर होता. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबला तर घट्ट लागला. चोक ओढलेला होता. मग झाकण काढून दोन्ही प्लग बाहेर घेतले आणि एकेक लोखंडाला टेकवून दोरी ओढली. निळी ठिणगी, टणटणीत. ठिणगी होती, मग भूक कसली? प्लग ओले होते, पण हाताला पेट्रोलचा तेलकटपणा लागेना. बाईंनी प्लग नाकाशी धरला आणि भुवया वर गेल्या.

परवा पाण्याच्या पिंपात बुडवून पाहिलं, तेव्हा हेच इंजिन दुसऱ्या ओढीला चाललं होतं. मधे फक्त काल दुपार होती.

त्यांनी चहाच्या थर्मासचं झाकण खाली धरलं आणि कार्बोरेटरचा तळचा स्क्रू सैल केला. झाकणात वर पेट्रोलचा पातळ थर जमला, खाली स्वच्छ पाण्यासारखं काहीतरी. झाकण त्यांनी अध्यक्षांसमोर धरलं.

"ओळखा बघू."

अध्यक्षांनी वास घेतला. वास त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता.

काल नावांना आशीर्वाद द्यायचा दिवस. अध्यक्ष मोठी बाटली घेऊन प्रत्येक नावेवर साके, तांदळाची दारू, शिंपडत होते. बाई टाकीचं झाकण काढून पेट्रोलचा डबा आणायला वळल्या, तेवढ्यात मिरवणूक त्यांच्या नावेशी आली. रिवाजाप्रमाणे सगळं गाव कमरेत वाकलं. बाईही वाकल्या. वाकलेल्या माणसाला फक्त स्वतःचे बूट दिसतात. आणि ही बाईंची शेवटची वेळ, म्हणून अध्यक्षांनी गहिवरून जरा जास्तच ओतली होती.

"मागच्या बाजूला..." अध्यक्ष पुटपुटले. "आदरानं ओतली होती हो."

"आदर थेट टाकीत गेला. गाडी काढा. माझ्या ओसरीवर गवत कापायच्या मशीनचा डबा आहे. त्याला हेच तेल-पेट्रोल लागतं."

"वहिनी, मी पंच आहे. मला तटस्थ राहायला हवं."

"काल टाकीत ओतलीत ती तटस्थ राहूनच ना?"

अध्यक्षांनी किल्ल्या काढल्या. निघताना बाईंनी त्यांच्या काखेतला कागद मागितला. धुक्याने चिंध्यांपासून बाहीपर्यंत सगळं ओलं झालं होतं. अख्ख्या किनाऱ्यावर कोरडी वस्तू तेवढी एकच होती.

हातकागद जाड होता, छान टिपून घेत होता. "अथक परिश्रम" या शब्दांनी एक प्लग कोरडा झाला, "स्वखुशीने" या शब्दाने दुसरा.

डबा आला तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. बाईंनी टाकी बाजूला सारली, कोंबूच्या विळ्याने नळीचं टोक छाटून ते थेट डब्यात बुडवलं आणि आतली साके निघून पेट्रोलचा वास येईपर्यंत फुगा दाबला. मग नळी इंजिनाला जोडली, फुगा पुन्हा घट्ट केला, प्लग बसवले. पहिल्या ओढीला काही नाही. दुसऱ्या ओढीला खोकला. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि, पंच असूनही, "आणखी एकदा," म्हणाले.

तिसऱ्या ओढीला इंजिन निळा धूर सोडत धडधडत सुरू झालं.

बाईंनी नाव ढकलली, गुडघाभर पाण्यातून आत चढल्या आणि कागद किनाऱ्याकडे भिरकावला.

"पुढच्या वर्षी बाटली माझ्याकडे द्या," त्या ओरडल्या. "नाव पिईल, इंजिनला नको. ते माझ्यावर गेलंय, कोरडं राहतं."

धुक्याने त्यांना गिळलं, पण आवाज बराच वेळ येत राहिला, एकसारखा आणि उद्धट.

अध्यक्षांनी कागद उचलला. प्लगच्या काजळीचा काळा गोल ठसा उमटला होता, पण बाईंच्या शिक्क्याच्या जागेत नाही, अध्यक्षांच्या नावावर. त्यांनी खिशातली वही काढून नोंद केली: हात्सुए ओगावारा यांची नाव एकोणतिसाव्या मिनिटाला निघाली. सन्मानपत्र कामी आले.