उतारावरचा डहाळा

आबासाहेबांचं कोणाशी पटत असेल तर ते फक्त माशांशी, असं होटगीत म्हणत. माशांना विचारलं असतं तर त्यांनीही कानांवर हात ठेवले असते.

गोष्ट एकतीस सालची. रेल्वेत तीस वर्षं घासून आबासाहेब मोकळे झाले, तेव्हा त्यांचा हॅलिडे साहेब विलायतेला परत चालला होता. जाताना त्यानं आपली गळाची लवचीक काठी त्यांना देऊन टाकली. बरोबर एक पत्र्याची डबी. डबीत बारक्या गळांना रंगीत पिसं गुंडाळून केलेल्या खोट्या माश्या. दोरी डोक्यावरून मागंपुढं भिरकवायची, पिसांची माशी पाण्यावर अलगद टेकवायची, मासा उसळला की झुंजवत काठाला आणायचा, डोळे भरून बघायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. साहेब दर नाताळात सीना नदीच्या डोहावर येई आणि हेच करी. मासा राखावा लागतो, नाहीतर एक दिवस नदी नुसती पाण्याची उरते, असं तो म्हणे. हे वाक्य आबासाहेबांच्या डोक्यात जाऊन बसलं आणि तिथं दुसऱ्या कशाला जागा उरली नाही.

त्यांनी कचेरीत खेटे घालून हुकूम आणला. डोहावर पाटी लागली: जाळे टाकण्यास सक्त मनाई. त्या डोहात मोठ्या खवल्यांचे, सोनेरी पाठीचे महासीर होते, आणि त्यांच्यावरच काठच्या भोयांची चूल पेटत होती. तिचं काय, हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं. ज्ञानबा भोयानं पाटी वाचली नाही, कारण त्याला वाचता येत नव्हतं. आबासाहेबांनी त्याचं जाळं जप्त करवलं आणि त्याला एक दिवस कोठडीत बसवलं.

ज्येष्ठात एकदा आबासाहेब कंबरभर पाण्यात उभे राहून काठी फिरवत होते आणि ज्ञानबा काठावर उकिडवा बसून बघत होता. हातभर मासा लागला. आबासाहेबांनी तो सोडवला, त्याच्या फाटक्या ओठाचं रक्त बोटानं पुसलं आणि त्याला पाण्यात सोडला.

"खायाचा न्हाय, तर तोंड कशाला फाडता त्येचं?" ज्ञानबानं विचारलं.

"तुला नाही कळायचं. तुम्ही लोक पोटापलीकडं बघत नाही. मी आहे म्हणून हा मासा जिवंत आहे."

ज्ञानबा पाण्यात थुंकला आणि उठून गेला. त्याच्या बापाच्या आज्यापासून हा डोह नांदत होता, तेव्हा आबासाहेब कुठं होते, असं त्याला विचारता आलं असतं. पण कोठडीत बसून आलेला माणूस फार प्रश्न विचारत नाही.

तिकडं होटगीत आबासाहेबांचं नवं घर उभं राहत होतं. शहरातल्या शुक्रवार पेठेतलं भाड्याचं बिऱ्हाड सोडून त्यांच्या पत्नी मथुराबाई इथं आल्या होत्या त्या भांडायच्या तयारीनंच. भिंती झाल्या, माळवद झालं आणि जमिनीवर येऊन घोडं अडलं. आबासाहेबांना साहेबाच्या बंगल्यासारख्या रंगीत लाद्या हव्या होत्या, वेलबुट्टीच्या.

"सोना भादव्यात बाळंत व्हायची हाय," मथुराबाई म्हणाल्या. "पयलटकरीन पोर. ओल्या पायानं लादीवरनं घसरली तर तुमचा सायेब येनार हाय का उचलायला?"

"मग शहाबादी फरशी घालू."

"बर्फावानी गार ती. बाळंतिणीच्या हाडात शिरती."

"मग सारव शेणानं, जन्मभर!"

"पावसाळ्यात सारवलेली भुई वाळती व्हय? ओल, पिसवा, आनी वर अंगावर पितं लेकरू. मला चुन्याचा कोबा पायजे. गुळगुळीत, सपाट, एका फडक्यात पुसून निघंल असा. न्हायतर सोनाला घिऊन मी पेठंत माघारी जाती, तुमी बसा तुमच्या लाद्या चाटत."

सोना ही त्यांची एकुलती एक लेक. आबासाहेब सगळ्या जगाशी भांडले असते, पण सोनाचं नाव निघालं की त्यांचा आवाज बसे. कोबा ठरला.

धोंडीराम गवंडी जुन्या हाडाचा माणूस. चुना घाणीत मळून तयार होता, गूळ आणि बेलफळाचं पाणी मुरत होतं. अडलं होतं ते खडीवर. "खाणीतल्या खडीला माती असती," तो म्हणाला. "मातीला चुना धरत न्हाय, वर्साच्या आत पोपडे सुटत्यात. नदीतली धुतलेली गोटी पायजे, सुपारीएवढी. तशी आनली तर तुमच्या नातवाचा नातू खेळंल ह्या भुईवर."

धुतलेली गोटी कुठं आहे, हे आबासाहेबांना ठाऊक होतं. डोहाच्या वरच्या अंगाला नदीचा उतार होता, पायी ओलांडायची उथळ जागा. तिथं घोट्याएवढ्या खळाळत्या पाण्याखाली अशा गोटीचा जाड थर पसरला होता, धुऊन निवडून ठेवल्यासारखा. डोहाच्या काठाला हात लावायचा नाही, तिथं मासा आहे, असं त्यांनी गाडीवानांना दहादा बजावलं. आपल्या या काळजीचं त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं.

श्रावणात पाऊस चार दिवस उघडला आणि आबासाहेब सहा गाड्या घेऊन उतारावर गेले. तिथं पाण्याच्या कडेला एक मेढ रोवलेली होती आणि तिला निंबाचा ताजा डहाळा बांधलेला होता. भोयांनी ही जागा आपली म्हणून खूण करून ठेवली, हा पहिला विचार त्यांच्या मनात आला. दुसरा विचार करायची त्यांना सवय नव्हती.

गाड्या बघून ज्ञानबा पळत आला. पण पाण्यात न शिरता तो मेढीपाशीच थांबला, हात आडवे करून.

"आबासाहेब, हितं पाऊल टाकू नगा. आषाढ लागल्यापासनं आमी बी टाकत न्हाय. जनावरं सुदीक वरच्या वाटंनं नेतो. ही नदीची बाळंतखोली हाय."

"कसली खोली?"

"मासे डोहातनं चढून हितं येत्यात. गोट्यात अंडी घालत्यात. तुमची लेक बाळंतपनाला म्हायेरी येती का न्हाय, तशीच ही येत्यात. म्हनून तर डहाळा बांधलाय."

गाडीवान एकमेकांकडं बघायला लागले. आबासाहेब मात्र हसले. ते हसणं चांगलं नव्हतं.

"ज्ञानबा, वीतभर पाण्यात हातभर मासा बाळंत होतो? साहेबाबरोबर दहा वर्षं या नदीवर काढलीत मी. मासा डोहात असतो, दीड पुरुष पाण्यात. इथं मी एकही बघितलेला नाही. डोह बंद केला म्हणून आता तुला उतार गिळायचाय. माझ्या गाड्या गेल्या की तू इथं जाळं पसरणार."

साहेब दहा वर्षं आला तो नाताळातच आला. श्रावणातली सीना ना त्यानं कधी बघितली, ना त्याच्या चेल्यानं. ही एवढीशी गोष्ट आबासाहेबांच्या ध्यानात यायला हवी होती. पण कागद त्यांच्या खिशात होता, आणि खिशात हुकूम असलेल्या माणसाला ध्यानात घ्यायची गरज पडत नाही.

"डहाळ्याला हात लावू नगा," ज्ञानबा म्हणाला. आता तो विनवत नव्हता.

आबासाहेबांनी मेढ दोन्ही हातांनी हलवून उपटली आणि डहाळ्यासकट प्रवाहात भिरकावली. "पुन्हा कोठडी बघायची असेल तर आडवा ये."

ज्ञानबा बाजूला झाला. गाड्या पाण्यात शिरल्या. चार दिवसांत त्यांनी उतार असा खरवडून नेला की खाली नुसता काळा खडक उरला.

अंगणात गोटीचा ढीग पडला. बाया टोपल्यांत घेऊन ती धुऊ लागल्या, तर पाण्यात पिवळे दाणे सुटून आले. राळ्याच्या दाण्याएवढे, मऊ, उन्हात चमकणारे. गोट्यांच्या खाचांतही ते चिकटलेले होते. मुंग्यांची रांग लागली. दुसऱ्या दिवशी अंगणात वशाट वास सुटला.

"कसलं हाय हो हे?" मथुराबाईंनी चिमटीत धरून विचारलं.

"पाणगवताचं बी असेल. धुऊन टाका." आबासाहेबांनी नीट बघितलंही नाही. डोहातला मासा ते तळहातावर घेऊन न्याहाळत. हे मात्र बी होतं.

बायांनी जमेल तेवढं धुतलं. उरलं ते चुन्यात गेलं. पंधरा बायका रांगेनं बसून आठ दिवस लाकडी थापीनं जमीन ठोकत होत्या. मग धोंडीरामानं ती घोटली, पाणी पाजलं, पुन्हा घोटली. कोबा असा झाला की मथुराबाईंना त्यात दिव्याची ज्योत दिसली. लग्नानंतर पहिल्यांदा त्या नवऱ्याशी बरं बोलल्या.

भाद्रपदात त्याच भुईवर सोना सुखरूप बाळंत झाली. मुलगा झाला. आबासाहेब धावत खोलीशी आले, नातू बघायला आत पाय टाकणार, तोच मथुराबाईंनी दारात हात आडवा धरला.

"थांबा! दहा दिवस पाऊल टाकायचं न्हाय. दिसत न्हाय व्हय?"

त्यांनी वर बोट दाखवलं. चौकटीला निंबाचा ताजा डहाळा बांधला होता.

आबासाहेब तिथंच थिजले. आडवा धरलेला हात, वर डहाळा, तेच शब्द. मग त्यांची नजर खाली गेली, गुळगुळीत कोब्यावर, आणि पिवळ्या दाण्यांची ती टोपली त्यांच्या डोळ्यांपुढं आली. आतून बाळ रडत होतं. 

ते तसेच नदीवर गेले. उताराच्या खडकावरून पाणी सरळ घसरत चाललं होतं, कुठं अडत नव्हतं. भोयांच्या झोपड्यांपाशी ज्ञानबा जाळं विणत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"ते पिवळं..." आबासाहेबांनी बोटाच्या टोकावर माप दाखवलं. "राळ्यासारखं होतं. ज्ञानबा, ते काय होतं?"

"तुमाला ठावं हाय काय व्हतं ते."

"मला माहीत नव्हतं रे."

"मी सांगितलं व्हतं." ज्ञानबानं गाठ आवळली. "आईकलं की नातू झाला. बरं झालं. खेळवा त्येला नव्या भुईवर. आमच्या बाळंतिणीची लेकरं त्येच्या खालीच हायत."

पुढचा हिवाळा आबासाहेब रोज डोहावर गेले. पिसांच्या सगळ्या माश्या त्यांनी आलटून पालटून टाकल्या. चार-दोन म्हातारे मासे उसळले. बोटाएवढं पिल्लू एकही दिसलं नाही. घरी नातू कोब्यावर पालथा पडायला शिकला, मग रांगायला. आबासाहेब त्याला भुईवरून उचलून मांडीवर घेत, आणि ते असं का करतात, ते मथुराबाईंना कळत नसे.

पुन्हा आषाढ आला. पहिलं गढूळ पाणी ओसरल्यावर आबासाहेब स्वतः निंबाचा डहाळा तोडून उतारावर गेले. खडकात मेढ रोवली जाईना, तेव्हा त्यांनी दगड रचून ती कशीबशी उभी केली. डहाळा बांधला. मग पाण्यात पाऊल न टाकता काठावर बसून राहिले. डोहातून एक मोठी मादी चढून आली. ती पोटानं जड होती. उघड्या खडकावर तिनं इकडं तिकडं अंग घासलं, वळली, पुन्हा आली, पुन्हा घासलं. टेकायला एक गोटा नव्हता. शेवटी पाण्यानंच तिला ढकलत खाली नेलं.

मागं पावलं वाजली. ज्ञानबा होता. तो मेढीपाशी गेला आणि त्यानं डहाळ्याची गाठ सोडली.

"असू दे, ज्ञानबा," आबासाहेब म्हणाले. हात जोडायचंच काय ते त्यांनी बाकी ठेवलं होतं. "राहू दे बांधलेला. मी कोणाला इथं येऊ देणार नाही. मी राखण करीन."

"कशाची?" ज्ञानबानं विचारलं. "खोली तर तुमच्या घरात हाय."

डहाळा काखेत मारून तो निघून गेला. त्याच्या सुनेचे दिवस भरत आले होते, त्याला तो घरी लागणार होता.