शेवटची ओळ

“तक्त्यातल्या ओळी वर्णानुक्रमाने लावल्यात का तुम्ही?” आईने फोनवर विचारलं. ती उशीला टेकून बसली होती, नाकात ऑक्सिजनची नळी.

“हो मॅडम. नीटनेटकं दिसावं म्हणून,” पलीकडून तिच्या जागी आलेला इंजिनियर म्हणाला.

“अहो, दिसण्याला काय चाटायचंय! सर्वसाधारण ओळ वर गेली. आता ती बाकीच्यांना गिळतेय.”

एकतीस वर्षं आईने कंपायलर लिहिले. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या आज्ञांत उतरवायचं काम. नवं यंत्र आलं की ती फक्त तक्ता बदलायची : डावीकडे काय दिसलं, उजवीकडे काय करायचं. कंपायलर वरून खाली वाचतो आणि जुळलेल्या पहिल्याच ओळीवर थांबतो. म्हणून खास प्रसंग वर, कशालाही जुळणारी ओळ तळाला. त्याआधी प्रोग्राममधल्या प्रत्येक वाक्याचं झाड मांडायचं. त्यात वरची फांदी पालक, खालच्या तिची लेकरं; काही माहिती पालकाकडून खाली येते, काही लेकरांकडून वर जाते. माझा फोन आठवडाभर आला नाही की ती म्हणायची, “आमच्या झाडात वर काही येतच नाही.”

“निवृत्त झालीस ना?” मी फोन काढून घेत म्हटलं.

“जित्याची खोड,” ती म्हणाली आणि तेवढ्यानेही दमली.

त्याच आठवड्यात तिने घरी ठेवलेल्या नर्सबाईंसाठी तक्ता करून भिंतीवर लावायला लावला. दम आणि ओठ निळे : ऑक्सिजन वाढवा. नुसता दम : उठवून बसवा. दुखलं : थेंब द्या. तळाला, यातलं काहीच नसेल तर : लेकीला फोन.

“मी एकदम शेवटी?”

“वर कुठे भागलं, तर तुला कशाला पळवायचं?”

गुरुवारी दुपारी ऑफिसात नर्सबाईंचा फोन आला. “ताई, या.”

“दम लागलाय?”

“नाही.”

“दुखतंय?”

“नाही हो. त्या नुसत्या म्हणतात, तक्ता वाचा. तीनदा वरून खाली वाचलं.”

मी पोहोचले तेव्हा आई जागी होती.

“काय होतंय, आई?”

“काही नाही.”

“मग बोलावलंस कशाला?”

“काही होत नव्हतं, म्हणूनच.”

तिने माझं मनगट धरलं. संध्याकाळी ती गेली.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी नळ्या गुंडाळल्या, सिलिंडर दाराशी नेला. मग भिंतीकडे पाहिलं.

“हा कागद काढू?”

मी मानेनेच नको म्हटलं. खालचा कोपरा सुटला होता. त्यांनी तो अंगठ्याने दाबून बसवला.