दुसरं झाड

एनिडने सफरचंद उभं कापलं आणि सुरी तशीच हातात धरून बसली. दर ऑक्टोबरला हेरफर्डशरच्या त्या गावच्या सभागृहात लोक आपापल्या परसातली अनोळखी सफरचंदं घेऊन येत; एनिड ती चाखून त्यांची जात सांगायची. हे चाखायची गरज नव्हती. चपटा आकार, खरखरीत तपकिरी साल, देठापाशी शिवणीसारखी उठलेली रेघ.

"ओळखू येत नाही वाटतं, बाई?" समोरचा माणूस हसला. तो दोन तासांवरच्या समुद्रकाठच्या गावाहून आला होता.

"आत्ता दगड लागेल, आंबट. नाताळपर्यंत माळ्यावर पेंढ्यात ठेवा. मग पेअरसारखा वास सुटतो आणि..." ती थांबली. "झाड कुणाचं?"

"शेजारच्या हेस्टरबाईंचं. स्वतः कलम केलं म्हणायच्या. दोन वर्षं घर बंद आहे. कुठे गेल्या, कुणालाच पत्ता नाही."

"झाड केवढं आहे?"

"आठेक वर्षांचं असेल."

या जातीचं एकच झाड उरलं होतं, एनिडच्या परसात. बी पेरून ही जात येत नाही. काडी कापून न्यावी लागते, तीही ऐन थंडीत, पानं झडल्यावर. आणि तिची मुलगी हेस्टर आईशी भांडून गेली, त्याला अकरा वर्षं झाली होती.

तिने चिठ्ठीवर जातीचं नाव लिहून त्या माणसाला दिलं आणि अर्धी फोड पिशवीत टाकली.

घरी नवरा चहा ओतत होता. तिने अर्धी फोड त्याच्यापुढे ठेवली.

"हे आपल्या झाडाचं नाही, विल्फ."

विल्फने वाकून वास घेतला. किटली सावकाश खाली ठेवली.

"काडी तू कापून दिलीस?" एनिडने विचारलं.

"शिडीची भीती वाटते ना तिला."

"आठ वर्षं! आठ वर्षं माझ्यासमोर बसून जेवतोयस तू."

"तुला सांगू नको म्हणाली."

"मी कुठे होते?"

"चर्चमध्ये. रविवार होता." तो खिडकीबाहेर बघत होता. "म्हटलं, बस, आई येईलच. बसली. कोट काही काढला नाही. तासभर बसली."

"मग?"

"मग फाटक वाजलं. तू आलीस. ती मागच्या दाराने गेली."

एनिडने ओट्याकडे पाहिलं.

"दोन कप होते त्या दिवशी ओट्यावर," ती म्हणाली. "मीच विसळले."