सातव्या खाचेतली स्टिक

मावशींनी हॉकी स्टिकच्या मुठीवरच्या पट्टीचं टोक नखानं उचललं, एक वेढा सोडला आणि त्यांचा हात थांबला. पट्टी ओली होती. घामानं चिंब, आणि खालच्या बाजूला बोटभर लाल डाग.

कपडे बदलायच्या खोलीत पोरी माना खाली घालून बूट सोडत होत्या. वीस मिनिटांपूर्वी उपांत्य सामना एका गोलनं गेला होता. वेळ संपता संपता मिळालेला पेनल्टी कॉर्नर, जिला सगळ्या वाटाणा म्हणत त्या पोरीनं मारला आणि चेंडू दांडीवरून गेला. आठ देशांतले आठ नामांकित क्लब, तीन वर्षांची मेहनत, आणि आता हाती उरला होता तिसऱ्या जागेसाठीचा सामना. हरल्यावर एरवी प्रशिक्षक मॅडम एकेकीला फैलावर घेत. आज त्यांनी वाटाणाला चकार शब्दानं विचारलं नव्हतं.

क्लबचं सामान मावशी एकोणीस वर्षं सांभाळत होत्या. दर सामन्यानंतर घामेजलेल्या पट्ट्या सोडायच्या, नव्या गुंडाळायच्या. लाकडी घोडीवर अठरा खाचा, एकेक खाच एकीची. कुणाला मूठ पातळ लागते, कुणाला जाड, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं; नजर खिडकीबाहेर असली तरी काम बिनचूक व्हायचं. सातवी खाच त्यांच्या लेकीची. तिची बोटं बापासारखी लांबसडक, म्हणून तिला पट्टीचे दोन थर लागत. चार महिन्यांपूर्वी सरावाहून परतताना ट्रकनं तिच्या सायकलला धडक दिली; ती वाचली नाही. तिच्या जागी जी मुलगी संघात आली, तिची उंची बघून पोरींनी पहिल्याच दिवशी तिचं नाव वाटाणा ठेवलं. तिची स्टिक रिकाम्या सातव्या खाचेत लागली.

पंधरा दिवसांत मावशी कामावर हजर झाल्या होत्या. मॅडमनी घरी बसायला सांगितलं, तेव्हा घरी बसून काय भिंतींशी बोलू, असं त्यांनी विचारलं होतं. मॅडम नमल्या, पण एका अटीवर. कामात एक चूक दिसली की सामानाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवायची आणि विश्रांती घ्यायची. तेव्हापासून एकही चूक झाली नव्हती. मावशी त्या एका गोष्टीवर उभ्या होत्या.

त्यांनी दुसरा वेढा सोडला. खाली आणखी एक थर होता.

आजवर वाटाणाच्या स्टिकची वरची पट्टी दर वेळी कोरडी निघायची. ही पोरगी दगडाची आहे, हिला घामच येत नाही, अशी थट्टा मावशींनी कितीदा केली होती, आणि सगळ्याजणी जरा जास्तच वेळ हसल्या होत्या. आज मात्र सामन्याच्या दीड तास आधीच स्पर्धेचे अधिकारी तपासणीसाठी सगळ्या स्टिक घेऊन गेले होते. उपांत्य फेरीपासून तसा नियम होता. परत मिळाल्या त्या थेट मैदानात उतरताना.

वाटाणा मोजे न्यायला आली. उजवा हात पाठीमागे.

"हात दाखव."

"काही नाही झालं, मावशी."

"दाखव म्हणते ना."

लहानसा तळहात. बोटांच्या मुळाशी दोन फोड फुटलेले.

"आधीच्या सामन्यांत वरचा थर काढून ठेवायचीस?"

मुलीनं मान हलवली.

"आणि सामना संपल्यावर परत कोण गुंडाळायचं?"

"गोलकीपरताई. मला तुमच्यासारखं जमत नाही."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं." मावशींनी पट्टीचा गोळा मुठीत दाबला. "मॅडमना कळलं असतं तर?"

वाटाणा बुटांकडे बघत राहिली.

"मॅडम दारात उभ्या राहायच्या. तुम्ही येताना दिसलात की खोकायच्या."

दोन महिने मावशी मॅडमना खोकल्याचं औषध आणून देत होत्या. आजही बाटली त्यांच्या पिशवीत होती.

त्यांनी त्या मुलीला बाकावर बसवलं, फोड धुऊन मलम लावलं. मग तिचा डावा हात आपल्या हातात घेऊन तळव्यावर वीत टेकवली, बोटं एकेक करून मापली. नव्या पट्टीचा एकच थर त्यांनी गुंडाळला. या वेळी नजर स्टिकवरून हलली नाही. अठरा स्टिकांना जेवढा वेळ लागायचा, त्यातला निम्मा या एकीला लागला.

"धर."

वाटाणानं मूठ आवळली, सैल केली, पुन्हा आवळली.

"बसली का?"

"बसली."

उरलेल्या सतरा मावशींनी नेहमीसारख्या उरकल्या. सातव्या खाचेत स्टिक ठेवताना क्षणभर त्यांचा हात तिच्यावर राहिला. मग सामानाच्या खोलीला कुलूप लावून त्या मॅडमच्या दारापाशी गेल्या.

मॅडम कागद चाळत होत्या. मावशींनी किल्ली टेबलावर ठेवली. शेजारी औषधाची बाटली ठेवली.

मॅडमनी किल्लीकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. वर मात्र पाहिलं नाही.

"खोकला कसा आहे आता?" मावशींनी विचारलं.