झोत बंद केल्यावर

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा तीन वाजता होती आणि दीड वाजता मोहिनी गावितला आपली चूक दिसली.

प्लाझ्मातून, म्हणजे विद्युतभारित वायूतून, इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला की तो सुखासुखी पार होत नाही. लाटा उठतात, वाढत जातात आणि शेवटी झोतच विस्कटून टाकतात. ही वाढ किती वेगाने होते, हे मोहिनीने नाशिकच्या कॉलेजात पाच वर्षं संगणकावर मोजलं होतं. आज सहज म्हणून तिने झोत शून्य करून प्रोग्राम चालवला. आता लाटा उठायलाच नको होत्या. तरी आलेख वर चढत होता.

तिने पुन्हा चालवला. पुन्हा तेच.

गाईड साळवे सर मागे येऊन उभे राहिले. "किती फरक पडतोय?"

"वाढीचा जवळजवळ तिसरा हिस्सा खोटा आहे, सर. आपण हिशोबाच्या जाळीचे चौकोन फार मोठे घेतले. या लाटा प्लाझ्मातल्या नाहीत, प्रोग्राममधल्या आहेत."

सरांनी दार लोटलं. "आज बोलू नकोस. प्रबंध मान्य झालाय. दुरुस्ती नंतर छापू."

"त्यांनी विचारलं तर?"

"नाही विचारणार."

बाहेर बाकावर तिची आई सावित्रीबाई बसली होती. सकाळच्या एसटीने सुरगाण्याहून आली होती. "तोंड का उतरलंय गं?"

"चुकलंय माझं. सांगितलं तर आज डिग्री नाय मिळायची. सर म्हणतात, गप्प राहा."

"मग मला कशाला सांगतेस?"

मोहिनी तशीच वळून हॉलकडे निघाली.

तीन वाजता तिचं सादरीकरण सुरू झालं. परीक्षक बाई मान डोलवत ऐकत होत्या. मुख्य आलेखाशी आल्यावर मोहिनी थांबली. "मॅडम, हे आकडे बरोबर नाहीत," ती म्हणाली आणि तिने दुपारचा आलेख पडद्यावर लावला. साळवे सरांनी नजर खाली वळवली.

परीक्षकांनी चष्मा काढला. "हे कधी कळलं?"

"दीड वाजता."

"पाच वर्षांत एकदाही झोत बंद करून पाहिला नाही?"

"नाही, मॅडम."

मग बाईंनी लिहायला घेतलं. सगळं काम बारीक जाळीवर नव्याने करायचं, मुदत सहा महिने.

साळवे सर तिच्याशी न बोलता निघून गेले. पुढचे तीन आठवडे ते बोललेच नाहीत. चौथ्या सोमवारी मात्र स्वतःहून तिच्या टेबलाशी आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "दाखव, कुठवर आलीस?"